पुठ्ठेकाकांनी पुस्तक उसवलं

पुठ्ठेकाकांचं खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवर आहे. पण ती पाटी वाचायची तर मान बरीच वर करावी लागते, आणि बांधायला कागद घेऊन येणाऱ्या माणसाचे दोन्ही हात भरलेले असतात, नजर पायरीवर असते. त्यामुळे ते नाव फारसं कोणी वाचलेलं नाही. पुठ्ठेकाका हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं ते त्यांनाही आठवत नाही, पण ते त्यांना शोभतं. अंगाने सपाट, पाठीने ताठ, आणि वर कितीही वजन ठेवा, कुरकुर नाही.

दुकान म्हणजे एक लांबोळकी खोली. एका अंगाला घड्याळजी, दुसऱ्या अंगाला चष्मेवाला. आत शिरलं की आधी मैद्याच्या खळीचा वास येतो आणि मग डोळ्यांना अंधाराची सवय झाली की मोठ्या चाकाचं कटिंग मशीन दिसतं, त्याच्यामागे स्क्रूचा प्रेस, भिंतीला टेकवलेले पुठ्ठ्यांचे तक्ते. टेबलावर दोऱ्याची रिळं, टोच्या, आणि घडी दाबायची हाडाची पट्टी. ती इतकी वर्षं वापरून अशी गुळगुळीत झाली आहे की काका बोलता बोलता ती गालाला लावून बसतात.

बांधायला बहुतेक करून ठरलेलं काम येतं. वकिलांच्या जुन्या फायली, विद्यार्थ्यांचे प्रबंध, वाचनालयातली मोडकी पुस्तकं. पण अधूनमधून वेगळंच काही येतं. एक निवृत्त बस ड्रायव्हर आला होता, त्याने शेवटच्या वर्षाची, आपल्या बसमध्ये उतारूंनी टाकून दिलेली तिकिटं गोळा केली होती. एक आई आली होती, लेकीच्या पहिल्या रेघोट्यांपासून ती घर सोडून शिकायला गेली तोवरची सगळी चित्रं घेऊन. फुटबॉलचा एक पंच आला होता. त्याने आपल्याविरुद्ध झालेल्या तक्रारी जपून ठेवल्या होत्या, आणि वर सोनेरी अक्षरांत ‘प्रशस्तिपत्रं’ असं घालून हवं होतं. आणि एक म्हातारा आला होता, बायको गेल्यावर. ती सकाळी कामाला जाताना त्याच्यासाठी टेबलावर चिठ्ठी ठेवायची. दूध तापव, खिडकी लाव, छत्री विसरू नकोस. अशा पिशवीभर चिठ्ठ्या. काकांनी विचारलं, कुठल्या क्रमाने लावू? म्हातारा म्हणाला, “कुठल्याही. फक्त छत्रीची पहिली ठेवा.”

माणसं कागद ठेवून जायची आणि काका काम करता करता त्यांचा विचार करत बसायचे. आपण बांधतो ते कागद परत जातात, आपल्याकडे काय उरतं? मग एके दिवशी त्यांनी लिहायला घेतलं. आता बाइंडर माणूस लिहायला वही विकत आणेल तर तो बाइंडर कसला. त्यांनी चांगला जाड कागद घेतला, चार-चार ताव एकात एक घालून मधोमध दुमडले, म्हणजे सोळा पानांचा एक फर्मा झाला. असे फर्मे करून ते त्यांत लिहीत गेले. कागद वाया घालवणं त्यांच्या रक्तात नाही, म्हणून वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत, डावीपासून उजवीपर्यंत, दोन्ही बाजूंनी. अक्षर मात्र सुरेख.

लिहून झालं तेव्हा त्यांनी ते काकूंना वाचून दाखवायला घेतलं. काकू म्हणजे त्यांची बायको. एका मोठ्या कचेरीत टायपिस्ट म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. दुपारची वेळ, जेवण झालेलं. ड्रायव्हरच्या तिकिटांपर्यंत काकूंचा हुंकार येत होता, पंचापाशी तो थांबला. काकांनी वर पाहिलं तर काकू गाढ झोपलेल्या. काकांनी फर्मा मिटला आणि त्यानंतर तो विषय घरात काढला नाही. काकूंनी उठल्यावर “छान होतं हं” म्हटलं, तेही त्यांच्या मनाला लागलं. काकू त्यांच्या प्रत्येक गोष्टीला छानच म्हणायच्या, अगदी करपलेल्या पोळीलासुद्धा.

तेव्हापासून त्यांच्या मनाने एकच धरलं होतं. ज्याचं आपल्याशी काही देणंघेणं नाही अशा एका तरी माणसाने हे वाचावं. पुस्तक निघणं, नाव होणं, हे तर आपल्यासारख्याच्या स्वप्नातही मावायचं नाही, असं ते स्वतःला बजावायचे. पण स्वप्न काय, बजावलेलं ऐकतं थोडंच.

हे त्यांनी फक्त खिळेमास्तरांना सांगितलं. खिळेमास्तर म्हणजे जुन्या छापखान्यातले कंपोझिटर. शिशाचे खिळे जुळवण्यात त्यांची बोटं काळी झाली, छापखाना बंद पडला, आणि आता ते रोज संध्याकाळी काकांच्या दुकानात येऊन बसायचे, चहा प्यायचे आणि जगाला सल्ले द्यायचे. प्रकाशकाकडे पुस्तक कसं पाठवावं, असं काकांनी विचारल्यावर ते मांडी घालून बसले. म्हणाले, अरे, प्रकाशकाच्या टेबलावर कागदांचे ढीग असतात. त्यात तुझे चार कागद कोण बघतो? रुबाब पाहिजे. असं बांधून दे की हातात घेतल्याबरोबर माणूस उठून उभा राहिला पाहिजे. तू बाइंडर आहेस ना? मग कर ना तुझं काम.

काकांना हे पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं. लिहिलेल्याबद्दल त्यांना खात्री नव्हती, बांधणीबद्दल होती.

त्यांनी ते पुस्तक बांधलं तसं आयुष्यात दुसरं काही बांधलं नव्हतं. फर्मे हाताने शिवले, दोरा मेण लावून. पाठीला चामडं, बाकी निळं कापड. तिन्ही कडा मशीनवर अशा कापल्या की बोट फिरवलं तर काच वाटावी. आत रेशमी फीत, तीही पहिल्या पानावर बारीक वळसा देऊन ठेवलेली. वर सोन्याच्या वर्खात नाव: ‘बांधायला आणलेलं’. त्याखाली लेखकाचं नाव घालायला त्यांनी ठशाची पितळी अक्षरं काढली, तापवली, आणि पुन्हा डब्यात ठेवून दिली. हात धजावला नाही. खाली नुसतं ‘एक बाइंडर’ असं घातलं.

गावात चांगला म्हणावा असा एकच प्रकाशक होता. काका त्या कचेरीच्या दारात गेले, समोर बसलेल्या कारकुनाच्या टेबलावर पुडकं ठेवलं, “हे द्यायचं होतं” एवढं म्हणाले आणि त्याने मान वर करायच्या आत जिना उतरून रस्त्यावर आले. पत्र नाही, पत्ता नाही, काही नाही. घरी आल्यावर त्यांना वाटलं, चोरी करून आलोय की काय.

मग वाट बघणं सुरू झालं. खिळेमास्तर म्हणायचे, प्रकाशक लोक सावकाश वाचतात, धीर धर. काकांनी धीर धरला. पोस्टमन दुकानासमोरून गेला की त्यांची हाडाची पट्टी हवेतच थांबायची. ऋतू बदलले, प्रबंधांचा हंगाम आला आणि गेला. पत्र कुठून येणार? पाठवणाऱ्याचा पत्ता कोणाकडेच नव्हता. पण एवढी साधी गोष्ट ना काकांच्या लक्षात आली, ना सल्लागारांच्या.

आणि एक दिवस वाचनालयाच्या ग्रंथपालबाई मोडकी पुस्तकं घेऊन आल्या त्या हसतच. म्हणाल्या, “पुठ्ठेकाका, प्रकाशनाच्या संपादकबाईंनी तुम्हाला बोलावलंय. ते निळं पुस्तक आहे ना, त्याबद्दल.”

काकांच्या हातातला खळीचा ब्रश टेबलावर पडला. ते नुसतं “बरं” म्हणाले.

घरी गेल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं, एका कामासाठी जायचंय. काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता ठेवणीतला सदरा इस्त्री करून दिला.

संपादकबाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या असतील. केसांत पेन्सिल खोवलेली, टेबलावर सुट्या कागदांच्या चळती, प्रत्येक चळतीवर एकेक दगड. त्यांनी काकांना बसवलं, चहा सांगितला, आणि मागच्या काचेच्या कपाटाचं कुलूप काढलं. त्यात त्यांनी छापलेली सगळी पुस्तकं मांडलेली होती आणि मधोमध, सगळ्यांत उठून दिसेल असं, काकांचं निळं पुस्तक. बाईंनी ते दोन्ही हातांनी बाहेर काढलं.

“काका, हे तुमच्याच हातचं ना?”

काकांनी मान हलवली.

मग बाई भरभरून बोलायला लागल्या. काय पाठ आहे, काय कडा आहेत. कोणीतरी कचेरीत भेट म्हणून ठेवून गेलं, कोण ते कळलंच नाही. ग्रंथपालबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, अशी पाठ इथे दुसऱ्या कोणालाच जमत नाही. आणि आमची ही जुनी पुस्तकं बघा, मोडकळीला आलीत. अशीच बांधून द्याल का?

काकांनी पुस्तकाकडे पाहिलं. रेशमी फीत पहिल्या पानावर, त्यांनी दिलेल्या वळशात, जशीच्या तशी पडलेली होती. पुस्तक एकदा जरी नीट उघडलं असतं तर ती सरकली असती. म्हणजे इतके दिवस ते त्या काचेमागे मिरवत होतं आणि कोणी उघडलंही नव्हतं. त्यांना हवा होता तो लेखक नव्हे, बाइंडर.

“देईन की,” काका म्हणाले. त्यांनी जुन्या पुस्तकांचा गठ्ठा करून दोरीने बांधला, नेहमीसारखी गाठ मारली, बाईंनी विचारल्यावर कधीपर्यंत देता येईल तेही सांगितलं. सगळं सुरळीत झालं होतं. गठ्ठा उचलून ते दारापर्यंत गेले. एक पाय बाहेर होता. पुढे ते खिळेमास्तरांना सांगायचे की त्या वेळी गठ्ठा जड होता म्हणून मी थांबलो, नाहीतर निघूनच गेलो असतो.

“ते आतलंही माझंच आहे,” ते दाराकडे तोंड करूनच म्हणाले.

“आतलं म्हणजे?”

“आत लिहिलेलं.”

मग बाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं, फीत बाजूला केली आणि पहिलं पान उभ्याउभ्याच वाचलं. मग दुसरं. तिसऱ्या पानाला त्या खुर्चीत बसल्या. सवयीने त्यांचा हात केसांतल्या पेन्सिलकडे गेला, पेन्सिल पानावर आली आणि तिथेच अडखळली. इकडे नेली, तिकडे नेली. चारही बाजूंना बोटभरही जागा नव्हती. होती नव्हती ती काकांच्या मशीनने कापून टाकली होती.

“काका,” बाई म्हणाल्या, “रागावू नका. पण मी पेन्सिल टेकवू कुठे? आणि टेकवायला धीर तरी कसा व्हावा? असं बांधलेलं पुस्तक हातात आलं की वाटतं, लेखकाने सांगून टाकलंय, आता यातलं काही हलवायचं नाही. आम्ही हलवणारी माणसं. आम्हाला सुटं लागतं.”

काका गठ्ठा हातात धरूनच उभे होते. बाईंनी तो त्यांच्या हातून घेऊन खाली ठेवला. मग सांगितलं ते अगदी साधं. टाइप केलेली सुटी पानं, एका बाजूलाच मजकूर, ओळींत अंतर, कडेला ऐसपैस समास, पानांना आकडे. सोबत एक छोटं पत्र: मी कोण, पुस्तक कशाबद्दल आहे, पत्ता. एक प्रत स्वतःजवळ ठेवायची. या महिन्याच्या अखेरीस पुढच्या वर्षाची पुस्तकं ठरतात, त्याआधी आणा.

“छापीन असं म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “वाचीन. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत.”

काकांना तेवढंच तर हवं होतं.

परत येताना ते वाचनालयात गेले. तिथे जिन्यापाशी भिंतीवर एक मोठा फलक होता, ‘नव्या लेखकांसाठी’ असा. तो ग्रंथपालबाईंनी लावून बरीच वर्षं झाली होती. काका पुस्तकांचे गठ्ठे घेऊन त्याच्या शेजारून शेकडो वेळा गेले असतील. पण त्याकडे बघितलं तर लोकांना कळेल की आपल्याला लेखक व्हायचंय, म्हणून ते दर वेळी दुसऱ्या भिंतीकडे बघत जायचे. आज ते समोर उभे राहिले आणि वाचू लागले. आधी प्रकाशकाची चार पुस्तकं वाचा, तो कशा प्रकारची काढतो ते बघा. सगळं एकदम पाठवू नका, आधी विचारणा करा. एखादं प्रकरण मासिकाकडे पाठवून पाहा. तुमच्याच पैशाने तुमचं पुस्तक छापून देतो म्हणणाऱ्याला आधी त्याने छापलेली पुस्तकं कुठल्या दुकानात मिळतात ते विचारा. नकार आला तर तो पुस्तकाला असतो, तुम्हाला नसतो. हस्तलिखित सुटं ठेवा, बांधू नका.

हे शेवटचं वाक्य वाचताना काकांचं लक्ष फलकाच्या कोपऱ्याकडे गेलं. कागद पुठ्ठ्यावर इतका सपाट बसला होता की कुठे फुगा नाही, कुठे सुरकुती नाही. हे काम त्यांना ओळखीचं वाटलं. वाटणारच. ग्रंथपालबाईंनी हा कागद त्यांच्याकडेच आणला होता. पुठ्ठ्यावर त्यांनीच चिकटवला होता, कोपरे त्यांनीच हाडाच्या पट्टीने दाबले होते. सगळा कागद हाताने कुरवाळून झाला होता, वाचला तेवढा नव्हता.

ते एकटेच हसले. ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत होत्या. त्यांनी कपाटातून मासिकांच्या पत्त्यांचं एक जाड पुस्तक काढून त्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, पाठ निघालीय याची, बांधायची घाई नाही, सवडीने वाचून आणा.

दुसऱ्या दिवशी, बाईंकडून परत आणलेल्या निळ्या पुस्तकाची टाइपला द्यायला एक प्रत काढावी म्हणून काका गेले, तर झेरॉक्सवाल्याने हात टेकले. शिवण इतकी घट्ट होती की पुस्तक काचेवर उताणं पडेना. पानांच्या मधल्या बाजूचे शब्द काळ्या सावलीत बुडायचे. तो म्हणाला, काका, जोर लावला तर पाठ मोडेल. तुम्हीच काय ते ठरवा.

ठरवायचं म्हणजे उसवायचं. संध्याकाळी काकांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पातळ पात्याची सुरी काढली, तेव्हा खिळेमास्तर चहाचा कप खाली ठेवून उभेच राहिले.

“वेडा झालास काय? तुझ्या हातून यापेक्षा चांगलं काम झालं नाही, होणारही नाही. डोळे बघ तुझे. हात बघ. आणि कशासाठी? ती बाई छापीन म्हणाली का?”

“वाचीन म्हणाली.”

“वाचीन म्हणे. वाचून परत केलं तर? पुस्तकही गेलं आणि बांधणीही गेली. तेलही गेलं, तूपही गेलं.”

चाळीस वर्षं त्यांचं एकच व्रत होतं, सुटलेलं बांधायचं. बांधलेलं त्यांनी कधी सोडलं नव्हतं. त्यांनी पुस्तकाच्या पाठीवरून हात फिरवला. मास्तरांचं खरं होतं, असं काम आता परत होणार नव्हतं. पण ते काम बघून बाईंनी काय विचारलं होतं? जुनी पुस्तकं बांधून द्याल का. ते पुस्तक किती सुंदर आहे हे सगळ्यांना कळलं होतं, आणि त्यामुळेच आत काय आहे ते कोणाला कळलं नव्हतं. आणि मनाच्या तळाशी काकांना हेही ठाऊक होतं की आपण ते इतकं सुंदर का बांधलं. कोणी आत बघू नये म्हणून.

“मास्तर,” ते म्हणाले, “तुम्ही जुळवलेले खिळे छापून झाल्यावर काय करायचात?”

“काय करायचं? सोडायचे. डब्यात परत. त्याशिवाय पुढचं पान कसं जुळणार?”

हे बोलून मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली, दिवा जवळ घेतला आणि म्हणाले, “जपून काप. चामडं तरी वाचव.”

काकांनी चामडं वाचवलं. आवरण अख्खंच्या अख्खं सुटून बाजूला झालं, सापाने टाकलेल्या कातीसारखं. मग शिवण. दोरा त्यांनी टाका टाका करून काढला, आणि प्रत्येक टाक्याला त्यांना कळत होतं, हा मीच मारलाय, आणि किती पक्का मारलाय.

पण खरी गंमत पुढेच होती. फर्मे उलगडून ताव सुटे केले, तर एका कागदावर पहिलं पान आणि सोळावं, त्याच्या पाठीमागे दुसरं आणि पंधरावं. ड्रायव्हरच्या गोष्टीशेजारी पंचाची गोष्ट. बाइंडरशिवाय ते कोणाला लागलंच नसतं. ते सगळे ताव घरी जेवणाच्या टेबलावर पसरून काका डोक्याला हात लावून बसले. आता हे टाइप कोणाकडून करून घ्यायचं? आणि करणाऱ्याला क्रम कसा समजावायचा?

काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, त्या टेबलापाशीच थांबल्या.

“हेच का ते? ठेवणीतला सदरा घालून गेला होतात त्याचं?”

काकांनी सगळं सांगितलं. अगदी काचेच्या कपाटापासून. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “कोणाकडे टाइप करायला देणार होतात?”

“बघू, कोणीतरी...”

“कोणीतरी,” काकू म्हणाल्या. “घरात टायपिस्ट बसलीय जन्मभर आणि हे कोणीतरी शोधतायत. दुसऱ्यांची पत्रं टाइप करून करून माझी बोटं झिजली. नवऱ्याचं एक पान आलं नाही कधी टाइपला.”

“अगं, पण तुला झोप आली होती तेव्हा.”

“आली होती. तुम्ही वाचत नव्हतात, पानं मोजत होतात. एका सुरात. कोणीही झोपेल. आणा इकडे पहिलं पान. पहिलं म्हणजे खरं पहिलं.”

त्यांच्या मुलाने घरी ठेवून दिलेल्या जुन्या संगणकावर काकूंनी टाइप करायला घेतलं. काका शेजारी बसून योग्य तो ताव पुढे करायचे. काकूंची बोटं पावसासारखी चालायची, आणि मधेच थांबली की काका सावरून बसायचे. कारण काकू थांबल्या म्हणजे प्रश्न येणार. हा ड्रायव्हर नंतर कुठे दिसला का? ही आई तुम्ही फार रडकी केलीय, ती दुकानात आली तेव्हा मीही होते, ती तर हसत होती. हे वाक्य दोनदा आलंय. पंचाच्या गोष्टीला त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. छत्रीच्या चिठ्ठीपाशी मात्र त्या न थांबता पान संपेपर्यंत टाइप करत राहिल्या, आणि मग उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला नाही.

“छान आहे,” परत येऊन त्या एवढंच म्हणाल्या. हे ‘छान’ काकांनी याआधी ऐकलेलं नव्हतं.

महिना संपायच्या आत पानं तयार झाली. एक प्रत घरी राहिली. दुसरी घेऊन काका कचेरीत गेले, आणि या वेळी कारकुनाने मान वर करेपर्यंत थांबले. वर पत्र होतं, खाली पत्ता होता. पत्र लिहायलाच त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागला होता.

बाईंनी शब्द पाळला. पानं परत आली ती काकूंनी दारात घेतली आणि वरचं पान बघून त्यांचा चेहरा पडला. “काय हो हे. सगळी खराब करून टाकलीयत.”

काकांनी चळत हातात घेतली. समासांत पेन्सिलच पेन्सिल. बाण, गोल, प्रश्नचिन्हं. ‘इथे आणखी हवं.’ ‘हे नको, आधीच कळलंय.’ ‘पंच!’ असं एके ठिकाणी, आणि शेजारी हसरं तोंड. एक पान असं नव्हतं की ज्यावर पेन्सिल टेकली नव्हती. काका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पान उलटत गेले.

“खराब नाही,” ते म्हणाले. “वाचलीयत.”

सोबतच्या पत्रात बाईंनी लिहिलं होतं की पुढच्या वर्षाच्या पुस्तकांत हे घ्यावं असं त्यांना वाटतं. दोन प्रकरणं पुन्हा लिहायची. एक काढायचं. ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे ती माणसं सापडतील तितकी शोधून त्यांना विचारायचं, नको म्हणतील त्यांना वगळायचं. हे सगळं झालं की करारावर बोलू. खिळेमास्तरांनी पत्र तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, सल्ला कोणाचा होता? बांधून दिलं नसतं तर बाईंनी काचेच्या कपाटात ठेवलं असतं का? काकांनी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार.

चिठ्ठ्यांचा म्हातारा आधी सापडला. त्याने पूर्ण प्रकरण ऐकून घेतलं, परवानगी दिली आणि एक दुरुस्ती सांगितली. छत्री निळी नव्हती, काळी होती. काकांनी समासात लिहून घेतलं. समास आता भरपूर होता.

सुटी पानं ठेवायला त्यांनी तेच निळं आवरण घेतलं आहे. आत शिवण नाही, डिंक नाही. पानं त्यात नुसती पडून असतात, हवं ते काढता येतं, हवं ते घालता येतं. रेशमी फीत वरून गुंडाळली की झालं.

परवा काकू नवीन पहिलं पान टाइप करायला बसल्या. पुस्तकाचं नाव टाइप झालं. त्याखाली जिथे ‘एक बाइंडर’ होतं, तिथे बाईंनी गोल करून समासात लिहिलं होतं, ‘नाव?’

“काय घालू?” काकूंनी विचारलं.

काका हाडाची पट्टी गालाला लावून बसले होते. म्हणाले, “पाटीवर आहे तेच.”

“ती पाटी कोण वाचतं. नीट सांगा.”

काकांनी घसा खाकरला आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, कचेरीत सांगतात तसं. काकूंनी ते टाइप केलं, थोडं लांब होऊन बघितलं, आणि न विचारताच अक्षरं दोन पॉइंटने मोठी केली.